कॅन्यनमधलं दुर्गसंवर्धन

"चार दिवस! फक्त चार दिवस बाबांना माझ्या ताब्यात दे. माणसात आणून दाखवतो!"

शंतनू पाटणकरने ही घोषणा अमेरिकेत, फ्रीमाँटच्या आपल्या टाउनहाऊसमध्ये, फ्रिजला टेकून, हातात प्रोटीन शेकचा ग्लास धरून केली. समोर त्याची बायको वीणा होती. आणि ज्यांना माणसात आणायचं होतं ते तिचे वडील, पुरुषोत्तम खांबेटे, पलीकडच्या खोलीत सोफ्यावर बसून टीव्ही बघत होते. टीव्ही बंद होता.

"शंतनू, ते सॉफ्टवेअर नाहीयेत रे," वीणा म्हणाली. "माझे वडील आहेत."

"तेच म्हणतोय मी! प्रॉब्लेम समजून घ्यायचा, प्लॅन करायचा, एक्झिक्यूट करायचा! आईंच्या वेळी पुण्याचं घर कुणी आवरलं होतं?"

आणि ते खरंच त्यानेच आवरलं होतं. वीणाची आई, सुवर्णाबाई, मागच्या हिवाळ्यात गेल्या. चहाचं आधण ठेवलं आणि ते उकळायच्या आत गेल्या. मुलगी-जावई दोन आठवड्यांची रजा टाकून धावले. दिवसकार्य झालं, बँकेची कामं झाली, आणि उरलेल्या वेळात शंतनूने घर हातात घेतलं. ऑफिसात तो प्रोग्रॅम मॅनेजर. ठेवायच्या वस्तूंना हिरवा स्टिकर, द्यायच्या वस्तूंना पिवळा, टाकायच्या वस्तूंना लाल! सासूबाईंचं कपाट, माळा, स्वयंपाकघर, सगळं रजा संपायच्या आत निकालात! "जावई असावा तर असा," असं एक मावशी म्हणाल्या होत्या. ते वाक्य शंतनूने अजून जपून ठेवलं होतं. त्याला हिरवा स्टिकर.

मग बाबांना फ्रीमाँटला आणलं. तेव्हापासून बाबा एकच शब्द बोलायचे. चालेल.

"बाबा, चहा करू?" "चालेल." चहा गार व्हायचा. "बाबा, मंडळाच्या ज्येष्ठांच्या कार्यक्रमाला जाऊया?" "चालेल." तिथे अंताक्षरीत सगळे गळा काढत असताना बाबा चिवड्याच्या वाटीकडे बघत बसायचे. वीणाने ऑनलाइन समुपदेशक शोधली. तिने फार प्रेमाने विचारलं, की पत्नी गेल्यानंतर तुम्हाला नेमकं काय वाटतं? बाबा विचार करून म्हणाले, "चालेल." बाई कॅमेऱ्याबाहेर बघू लागल्या.

हसू येतं खरं, पण घरात कुणी हसत नव्हतं. बाबांच्या पट्ट्याला नवी भोकं पाडावी लागली होती. आणि मागच्या आठवड्यात बाबा फिरायला म्हणून गेले ते आलेच नाहीत. शेवटी शंतनूला ते फ्रीवेवरच्या पुलावर सापडले. कठड्याला धरून उभे, खालून सुसाट जाणाऱ्या ट्रककडे बघत. "काय बघताय बाबा?" "काही नाही." त्या रात्रीपासून वीणा नीट झोपली नव्हती.

म्हणून शंतनूने प्लॅन केला. बाबा पाटबंधारे खात्यात कार्यकारी अभियंता होते आणि सरकारी जीप असतानाही जन्मभर सायकलवर ऑफिसला गेले होते. वर दर रविवारी त्यांचा दुर्गसंवर्धनाचा ग्रुप. आठवडाभर धरणं बांधायची आणि रविवारी कुठल्यातरी गडावर जाऊन तटाचे ढासळलेले दगड पुन्हा रचायचे! तेव्हा सायकल हवी आणि जुने अवशेष हवेत. दोन्ही एकत्र कुठे मिळतं? दक्षिण युटामध्ये! तांबड्या दगडांच्या कॅन्यन, उंचावरचं वाळवंट, आणि कड्यांच्या कपारींत तिथल्या आदिवासी प्यूब्लो लोकांच्या पूर्वजांनी शेकडो वर्षांपूर्वी बांधलेली दगडी घरं. चार दिवसांची सायकल टूर, सासरा आणि जावई!

"बाबा, युटाला सायकलने फिरायला जायचं?" शंतनूने विचारलं.

"चालेल."

"बघ!" शंतनू वीणाला म्हणाला. "किती एक्साइट झालेत!"

वीणाने त्याचा दंड धरला. "मला एकच प्रॉमिस कर. तिथे कडे आहेत, दऱ्या आहेत. बाबांना एक मिनिट, एक मिनिटसुद्धा एकटं सोडायचं नाही."

"अगं, सावलीसारखा राहीन!"

नेवाडा ओलांडून, गाडीच्या मागे दोन सायकली बांधून, ते मुक्कामाच्या गावी पोहोचले. गाव म्हणजे एक पेट्रोलपंप, एक मोटेल आणि एक मेक्सिकन बरिटोची गाडी. सकाळी निघताना शंतनूचा थाट बघण्यासारखा होता. पार्श्वभागाला गादी शिवलेली तंग चड्डी, आरशासारखा गॉगल, पाठीवर नळीची पाण्याची पिशवी, आणि सायकलला एका बाटलीत साधं पाणी, दुसरीत क्षारांचं नारिंगी पाणी. बाबांनी फुलपँट घातली होती, उजव्या पायाच्या घोट्याला रबरबँड लावला होता आणि डोक्यावर कानटोपी होती. हेल्मेट त्यांनी कानटोपीवर चढवलं.

"बाबा, तुम्ही तुमच्या स्पीडने या हं! मी वाट बघत जाईन!" शंतनूने सांगितलं.

हे वाक्य खरं ठरलं, फक्त माणसांची अदलाबदल झाली. क्रो विंग कॅन्यनचा कच्चा रस्ता चढणीचा, हवा विरळ, ऊन डोक्यावर. पहिल्या चढाला शंतनू पुढे होता. दुसऱ्या चढाला दोघं बरोबर होते. तिसऱ्या चढाला बाबा वळणापलीकडे दिसेनासे झाले आणि शंतनूच्या छातीचा भाता झाला. बाबा चढ संपला की थांबायचे, मागे न बघता उभे राहायचे, शंतनू आला की पुन्हा निघायचे. ना थकवा, ना बोलणं. असा प्रवास एखाद्याबरोबर करण्यापेक्षा एकट्याने केलेला बरा, असं शंतनूच्या मनात आलं आणि त्याला लगेच वाईटही वाटलं.

दुपारच्या सुमाराला रस्ता संपला. तिथे एक पाटी होती आणि पाटीपासून एक पायवाट वर कपारीकडे जात होती. शंतनू सायकलवरून उतरला आणि उतरताउतरता किंचाळला. दोन्ही पोटऱ्यांत एकदम गोळे! तो जुनिपरच्या एका बुटक्या झाडाच्या सावलीत आडवा झाला, पाय हवेत.

"बाबा, पाच मिनिटं! पाच मिनिटांत आलोच! तुम्ही तोवर पाटी वाचा!"

"चालेल," बाबा म्हणाले.

शंतनूने डोळे मिटले. आणि सावलीसारखा राहणारा जावई सावलीतच घोरू लागला.

जागा झाला तेव्हा ऊन कललं होतं. पोटऱ्यांतले गोळे उतरले होते. त्याने हाक मारली, "बाबा?" उत्तर नाही. बाबांची सायकल पाटीला टेकून उभी होती. हँडलला हेल्मेट अडकवलेलं, त्याच्या आत कानटोपीची नीट घडी. सायकलींवरच्या पाण्याच्या बाटल्या गायब. त्याची पाठीवरची पिशवीसुद्धा कुणीतरी अलगद काढून नेलेली.

त्या घडी घातलेल्या कानटोपीकडे शंतनू बघतच राहिला. माणूस परत यायचा असेल तर टोपीची घडी घालून ठेवतो का? त्याला फ्रीवेवरचा पूल आठवला. समोर कडा होता, कड्याखाली दरी होती, आणि सगळीकडे इतकी शांतता होती, की त्याला स्वतःचा श्वास ऐकू येत होता.

"बाबा! बाबाऽऽ!"

तो पायवाटेने धावत सुटला. ठेचकाळला, पडला, पुन्हा उठला. वीणाला काय सांगायचं? पाय दुखले म्हणून झोपलो, हे सांगायचं? त्याला रडू यायला लागलं होतं. आणि तेवढ्यात वरून आवाज आला. ठक. थोड्या वेळाने पुन्हा ठक. दगडावर दगड. आणि त्याबरोबर कुणीतरी गुणगुणत होतं!

शंतनू कपारीच्या तोंडाशी पोहोचला. कड्याच्या आडोशाला तीनचार दगडी खोल्या होत्या. त्यातल्या पुढच्या खोलीची भिंत छातीएवढी उंच, सरळ ओळंब्यात उभी होती. तिच्यामागे बाबा. बाह्या दुमडलेल्या, कोपरापर्यंत चिखल, कपाळावर चिखल, आणि चेहऱ्यावर हसू. हसू!

"या, या शंतनूराव!" बाबा म्हणाले. "अगदी वेळेवर आलात. तो चपटा दगड द्या बघू इकडे. तो नाही, त्याच्या डावीकडचा. हां! कसा बसला बघा, जणू त्याच्यासाठीच जागा होती!"

बाबा बोलले होते! एका दमात इतके शब्द! शंतनूच्या डोळ्यांत पाणी आलं. त्याने आनंदाने चपटा दगड दिला, मग दुसरा दिला, मग तिसरा. बाबा सांगत होते, की बांधणारे किती हुशार लोक होते, सांध्यावर सांधा येऊ न देता दगड कसे बसवले आहेत, मातीत काय मिसळलं असेल. शेवटचा दगड बसला तेव्हा बाबांनी मोबाइल काढला. "उभे राहा तिथे. भिंतीवर हात ठेवा. हसा! ग्रुपवर टाकायचाय. दर मोहिमेचे आधी आणि नंतर असे फोटो टाकतो आम्ही. आधीचे मी काढून ठेवलेत."

शंतनू हसला. फोटो निघाला. आणि फोटो निघता निघता 'आधी' आणि 'नंतर' या दोन शब्दांचा अर्थ त्याच्या डोक्यात उतरला.

"बाबा... ही भिंत आधी नव्हती?"

"होती ना. खाली उतारावर पसरली होती सगळी."

"तुम्ही पाटी वाचली नाहीत?"

"अक्षर न् अक्षर वाचली. शेवटी लिहिलंय, हे स्थळ जतन करायला आम्हाला मदत करा. आपल्याकडे पुरातत्त्व खातं परवानगीला वर्षं लावतं, आणि हे लोक पाटी लावून विनंती करतात!"

"पण वर लिहिलंय की कशाला हात लावू नका! टेकू नका! दगड हलवू नका! फेडरल गुन्हा आहे!"

"ते पर्यटकांसाठी," बाबा शांतपणे म्हणाले.

शंतनू मटकन खाली बसला. ग्रीन कार्डाच्या रांगेत तो इतकी वर्षं उभा होता, की त्या भीतीने त्याने कधी लाल सिग्नलला उजवीकडे वळताना घाईसुद्धा केली नव्हती. आणि आता फेडरल जमिनीवर, फेडरल भिंत, हात ठेवून, हसत! घशाला कोरड पडली. "बाबा, पाणी कुठंय?"

"कुठलं पाणी?"

"प्यायचं!"

"माती भिजवायला नको का?" बाबा म्हणाले. "तरी कमीच पडलं. मग तुमचं ते नारिंगी पाणी घातलं. चिकट आहे, पकड बरी येते."

तोंडचं पाणी पळणं म्हणजे काय, ते शंतनूला त्या दिवशी शब्दशः कळलं. वाळवंट, घोटभर पाणी नाही, आणि समोर ताजी, ओली, संत्र्याच्या वासाची प्राचीन भिंत. आता एकच उपाय होता. कुणी यायच्या आत जसं होतं तसं करायचं! तो उठला, भिंतीवरचा दगड उपसला आणि उतारावर भिरकावला. दुसरा उपसला.

"ए!" बाबांचा आवाज आला. "ए नालायका! ठेव तो दगड!"

नालायका! नालायका! समोरच्या कड्याने दोनदा दुजोरा दिला. लग्न झाल्यापासून 'शंतनूराव, तुम्ही, आपण' यापलीकडे न गेलेले सासरे! शंतनू दगड छातीशी धरून जागच्या जागी थिजला.

"बाबा, अहो, पोलिस येतील..."

"येऊ देत! तुला काही उभं राहिलेलं बघवतच नाही का रे? आवरायचं! दिसलं की आवरायचं! तिचं कपाट आवरलंस, माळा आवरलास. ओट्यावर तिचा चष्मा होता, चहाच्या डब्याला टेकवून ठेवलेला. तिने ठेवलेला! मी बँकेतून आलो तर त्यावर लाल स्टिकर! माणसाला जाऊन पंधरा दिवस झाले नव्हते आणि लाल स्टिकर!"

"बाबा, मी विचारलं होतं तुम्हाला. तुम्ही चालेल म्हणालात..."

"मग काय म्हणणार होतो? तुमची परतीची तिकिटं काढलेली! सगळे म्हणतायत, जावई किती करतोय! त्या करणाऱ्या माणसाला थांब कसं म्हणायचं?" बाबांचा आवाज फाटला. "घरात नजर टाकीन तिथे ती दिसायची बंद झाली. एवढं स्वच्छ करून ठेवलंत तुम्ही! मी तिथे कशाला राहू? आणि इथे तरी कशाला राहू? कशाला राहू मी?"

राहू मी, राहू मी, असं कडा म्हणत राहिला. गेले कित्येक महिने बाबा बोलावेत म्हणून सगळं घर देव पाण्यात घालून बसलं होतं. आता ते बोलत होते आणि शंतनूला ते ऐकवत नव्हतं.

"इथे सगळं ठीक आहे ना?" मागून कुणीतरी इंग्रजीत विचारलं.

पायवाटेवर रेंजर उभी होती. पन्नाशीची, धिप्पाड, कमरेला वायरलेस, छातीवर नावाची पट्टी, ल्यूसिंडा. ओरडणं ऐकून ती धावत वर आली होती. तिला दिसलं ते असं, की एक म्हातारा चिखलात माखून रडतोय आणि तंग चड्डीतला एक माणूस प्राचीन दगड कवटाळून उभा आहे.

माणूस घाबरला की मूर्ख होतो, पण शंतनूने त्यातही वरचा नंबर पटकावला. "मॅडम, आम्ही आलो तेव्हा हे असंच होतं!"

ती भिंतीजवळ गेली. तिने एका सांध्याला बोट लावलं. बोट ओलं झालं. तिने ते नाकाशी नेलं. "संत्रं?" ती म्हणाली.

बाबांनी डोळे पुसले, बाह्या खाली केल्या आणि ते पुढे झाले. आयुष्यभर सचिवांसमोर उभे राहिले तसे ताठ. "मॅडम, आय ॲम रिटायर्ड एक्झिक्युटिव्ह इंजिनीअर, इरिगेशन. आय हॅव डन धिस वर्क. फुल रिस्पॉन्सिबिलिटी माइन." मग मोबाइल पुढे केला. "बिफोर. आफ्टर. अँड धिस इज माय सन-इन-लॉ. असिस्टिंग."

फोटोत शंतनू भिंतीवर हात ठेवून सगळे दात दाखवत होता. त्याला वाटलं, हातातला दगड डोक्यात घालून घ्यावा.

रेंजरने हॅट काढली आणि ती एका खडकावर बसली. ती ओरडली असती तर बरं झालं असतं. आधी तिने आपली पाण्याची बाटली दोघांच्या पुढे केली. दोघं आळीपाळीने प्यायले. मग ती सावकाश सांगू लागली. कुठला दगड कुठे पडला, कसा पडला, यावरून अभ्यास करणारे खूप काही वाचतात. तुम्ही ते पानच पुसून टाकलंत.

"आणि तेवढंच नाही," ती म्हणाली. "माझी आजी प्यूब्लोची. इथे राहणारे आमचेच. आमच्या घरात म्हणायचे, माणसं इथे राहिली, मग गेली. आता घरही जातंय. त्याला जाऊ द्यायचं. मध्ये पडायचं नाही."

बाबांनी भिंतीकडे बघितलं. "तुम्ही रोज येता इथे?"

"आठवड्यातून बऱ्याचदा."

"डोळ्यांदेखत पडताना बघता, आणि दुरुस्त करावंसं वाटत नाही?"

"वाटतं की," रेंजर म्हणाली. "फार वाटतं. तेव्हा हात खिशात घालते."

"आणि पडलेलं आवरून टाकावंसं?"

"तेही नाही. जे जिथे पडलंय, तिथे राहू द्यायचं."

बाबांनी वळून शंतनूकडे बघितलं. शंतनूने हातातला दगड अलगद खाली ठेवला.

पुढचा तासभर रेंजर वायरलेसवर कुणाशी तरी बोलत होती. पलीकडच्या पुरातत्त्वज्ञाने पहिल्या झटक्यात काय म्हटलं, ते तिने दोघांना सांगितलं नाही. पण बाबांच्या 'आधी'च्या फोटोंबद्दल ऐकल्यावर त्याचा आवाज जरा खाली आला. बाबांनी उतारावरचा प्रत्येक दगड हलवण्याआधी चारी बाजूंनी फोटो काढले होते. ग्रुपचा नियमच होता तसा. शेवटी ठरलं, की माती ओली आहे तोवर, रेंजरच्या नजरेखाली, फोटो बघून, एकेक दगड होता तिथे परत न्यायचा. रिपोर्ट वर जाईल. ताकीद, दंड की कोर्ट, ते वरचे ठरवतील.

"कधीपर्यंत कळेल?" शंतनूने चाचरत विचारलं.

"सरकारी काम आहे," रेंजर म्हणाली. बाबांनी मान डोलावली. अमेरिका त्यांना पहिल्यांदाच ओळखीची वाटली.

मग भिंत उतरवणं सुरू झालं. बाबा एकेक दगड उचलायचे, चिखल पुसायचे, फोटोत बघायचे आणि उतारावर नेऊन ठेवायचे. तिरका होता तर तिरका, उपडा होता तर उपडा. शंतनू ज्या दगडाला हात लावी, तो बाबा त्याच्याकडून काढून घेत. मध्येच एक छोटा दगड घेऊन बाबा उतारावर बसले ते उठलेच नाहीत. दगड मांडीवर, त्यावर दोन्ही हात, आणि खांदे गदगदा हलत होते. सुवर्णाबाई गेल्या त्या दिवशी ते रडले नव्हते. दहाव्याला रडले नव्हते. आता युटाच्या उन्हात लहान मुलासारखे हुंदके देत होते. रेंजरने तोंड वळवलं आणि ती दरीकडे बघत उभी राहिली. हात खिशात.

शंतनू त्यांच्या शेजारी जाऊन बसला. फार वाईट वाटत होतं त्याला, आणि वाईट वाटल्यावर काय करायचं, हे त्याच्या कुठल्याच प्लॅनमध्ये नव्हतं.

"चष्मा कुठे टाकलास रे?" बाबांनी विचारलं.

शंतनूने खरोखर आठवायचा प्रयत्न केला. चष्मा, चहाचा डबा, लाल स्टिकर. काळी पिशवी होती का? की खोका? "आठवत नाही, बाबा," तो म्हणाला.

बाबांनी मान हलवली. मग उठले आणि तो छोटा दगड त्याच्या जागी ठेवून आले.

संध्याकाळी रेंजरने दोघांना सायकलींसकट आपल्या ट्रकमधून गावात सोडलं. टूर संपली होती. बरिटोच्या गाडीवर बाबांनी एक बरिटो खाल्ला. मग दुसरा मागितला, तिखट जास्त घालायला सांगून. मोटेलच्या खोलीत ते पेपर नॅपकिनला हात पुसत बसलेले असतानाच वीणाचा फोन आला.

"बाबा जेवले?"

"जेवले," शंतनू म्हणाला. "दोन बरिटो."

"दोन! आणि बोलले काही?"

"बोलले. बरंच बोलले."

"आणि... रडले?"

"रडले."

"शंतनू, यू डिड इट! खरंच करून दाखवलंस रे! मी उगीच तुला नावं ठेवत होते. सांग ना, काय काय बोलले?"

शंतनूने बाबांकडे बघितलं. आयुष्यात पहिल्यांदा त्याला स्वतःचं कौतुक ऐकवेना. "अगं, इथे रेंज जरा..."

"दे इकडे," बाबा म्हणाले.

"बाबा, दमलात तुम्ही. उद्या सकाळी निवांत..."

"आज. दे." बाबांनी फोन घेतला आणि नेहमीप्रमाणे स्पीकरवर टाकला. "वीणा, जेवलीस का? मग खाली बस आधी. मला तुझ्याशी बोलायचंय."

"सायकलींची हवा बघून येतो," शंतनू कुणालाही उद्देशून म्हणाला आणि बाहेर सटकला.

पार्किंगमध्ये त्याने आपल्या सायकलचं पुढचं चाक अंगठ्याने दाबलं. टणक होतं. मागचं दाबलं. तेही टणक होतं. खोलीचं दार नीट लागलं नव्हतं. बाबांचा आवाज येत होता, सलग, न चिडता, एकेक वस्तू सांगत. चष्मा. अर्धं विणलेलं स्वेटर. मसाल्याचा डबा, आतल्या मसाल्यासकट.

"पण बाबा," वीणाचा रडवेला आवाज स्पीकरवरून बाहेर आला, "ती स्टिकरची आयडिया शंतनूची होती!"

"आयडिया त्याची होती," बाबा म्हणाले. "आई तुझी होती."

शंतनूने दुसऱ्या सायकलची हवा बघायला घेतली.